सुई आम्ही टोचू, बाकीचं तुम्ही बघा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या मनाची जबाबदारी



दरवर्षी १४ नोव्हेंबरला आपल्या शाळांमध्ये बालदिन साजरा होतो. जागतिक मधुमेह दिनही त्याच तारखेला असतो, कारण इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या कॅनडाच्या फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. त्या निमित्तानं कुठल्या कुठल्या शाळेत पाहुणे येतात, ‘गोड कमी खा, व्यायाम करा, मधुमेह टाळा’ असं सांगून जातात. मोठ्या माणसांसाठी हा सल्ला रास्तच आहे. पण समोरच्या मुलांत एखादं टाइप वनचं मूल बसलेलं असतं. पाहुणे गेल्यावर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट उरते : म्हणजे मी चॉकलेटं खाल्ली म्हणून मला हे झालं. आणि मधल्या सुट्टीत वर्गातलं कुणीतरी ते मोठ्यानं बोलूनही दाखवतं.

मी अशाच एका मुलीची आई आहे. मुलगी तिसरीत असताना निदान झालं, आता ती नववीत आहे. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. औषधं मिळत नाहीत अशी तक्रार करायला मी हे पत्र लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला दुसरंच सांगायचं आहे. निदान झालेल्या दिवसापासून डॉक्टर, शिक्षक, आत्या, मावश्या, शेजारी असे सगळे मुलाला एकच गोष्ट सांगतात, ‘आता याच्याशी जुळवून घ्यायचं बरं का.’ सांगणारे अनेक आणि करणारं एकटं. आठ वर्षांच्या पोरानं जुळवून घ्यायचं, आणि त्याला त्यात हात देणं हे मात्र सरकारदरबारी कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. ते कुणाच्या तरी यादीत घाला, एवढं मागण्यासाठी हे पत्र आहे.

आधी रोगाबद्दल थोडक्यात, कारण गैरसमजाची मुळं तिथेच आहेत. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याचा, आळसाचा, आईच्या लाडाचा त्याच्याशी संबंध नाही. गोळीनं भागत नाही, इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं आणि ते जन्मभर. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा ते टोचलं गेलं. त्याआधी हे निदान म्हणजे मरणाची चिठ्ठीच होती. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालच्या टाइप वनच्या मुलांची संख्या सव्वादोन लाखांहून जास्त आहे आणि ती जगात सर्वाधिक आहे. म्हणजे हा एखाददुसऱ्या घरचा प्रश्न नव्हे.

या मुलांचा दिवस कसा जातो ते आता सांगते. उठल्याबरोबर बोट टोचून साखर बघायची. ताटात काय आणि किती आहे त्यावरून इन्सुलिनची युनिटं ठरवायची, पोटावर किंवा मांडीवर इन्सुलिनचं पेन टोचायचं, मग घास घ्यायचा. दुपारी तेच, रात्री तेच, शिवाय झोपताना लांब पल्ल्याचं इन्सुलिन वेगळं. खो-खो खेळायचा असेल तर आधी काहीतरी खायचं. ताप आला तर हिशोब वेगळा, परीक्षेच्या ताणात वेगळा, पाळीच्या दिवसांत आणखी वेगळा. मध्यरात्री साखर उतरेल या भीतीनं घरातलं कुणीतरी अलार्म लावून उठतं. आमच्याकडे मी आणि तिचे बाबा आळीपाळीनं उठतो. इतर मुलांच्या शरीरात जे आपोआप चालतं ते या मुलांना हिशोब करून चालवावं लागतं, आणि या कामाला रविवार नाही, मे महिन्याची सुट्टी नाही.

सुरुवातीला मुलं हे उत्साहानं करतात. पाहुण्यांना पेन दाखवतात, ‘मला नाही दुखत’ म्हणून सांगतात. मोठ्यांना वाटतं, चला, रुळली. खरा थकवा वर्ष-दोन वर्षांनी येतो, जेव्हा हे कधीच संपणार नाही हे मुलाला आतून कळतं. माझी मुलगी चौथीत होती. एका रात्री पेन हातात घेऊन तिनं विचारलं, ‘दहावी झाल्यावर तरी बंद होईल ना?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे मला कुठल्याही दवाखान्यात कुणी शिकवलं नव्हतं. आम्हाला इन्सुलिन कुठे टोचायचं, कसं ठेवायचं, सुई कधी बदलायची हे सगळं शिकवलं होतं. फ्रिज नसेल तर ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या माठात ठेवा, हेसुद्धा सांगितलं होतं. मन कुठे ठेवायचं ते तेवढं राहून गेलं.

दवाखान्यातली एक गोष्ट जवळून बघा. प्रत्येक मुलाकडे साखरेची वही असते. तारीख, वेळ, आकडा, युनिटं. ओपीडीच्या आदल्या रात्री कित्येक घरांत ही वही एका बैठकीत, एकाच पेनानं भरली जाते. ११०, १२४, ११८, १३२. सगळे आकडे शहाण्यासारखे. ग्लुकोमीटरच्या मेमरीत मात्र २८० असतो, ३१० असतो, आणि चार दिवस काहीच नसतं. डॉक्टरांच्या लक्षात येतं. रांगेत साठ पेशंट उभे, त्यांना वेळ नसतो, ते रागावतात, ‘खोटं लिहितेस? डोळे जातील, किडनी जाईल, मग रडशील.’ मूल मान खाली घालतं आणि पुढच्या वेळी जास्त हुशारीनं वही भरतं. ही खोटेपणाची सवय नव्हे. आकडा बिघडला की आपण वाईट ठरतो, हे त्या मुलाला कळलेलं असतं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, रिपोर्ट तर आमच्या मुलांना प्रगतिपुस्तकासारखाच वाटतो, आणि घरोघरी तो तसाच वाचलाही जातो.

वास्तविक वयात येताना शरीरातल्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर वर जाते, हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. म्हणजे नेमक्या ज्या वयात मूल आईबापांचं ऐकेनासं होतं, त्याच वयात शरीरही ऐकत नाही. त्या वयात धाक दाखवला की मूल तपासणंच सोडून देतं. काही मुली इन्सुलिननं वजन वाढतं असं ऐकून गुपचूप डोस गाळतात. काही मुलं शाळेत साखर उतरून सगळ्यांसमोर शोभा होऊ नये म्हणून मुद्दाम ती चढी ठेवतात. हे सगळं आईच्या लक्षात यायला महिने जातात. तोवर मूल रक्तात आम्ल साचून, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन अतिदक्षता विभागात पोहोचलेलं असतं, आणि दाखल करताना पुन्हा प्रश्न येतो, ‘इन्सुलिन का नाही घेतलं?’ ‘घ्यावंसं का नाही वाटलं?’ असं कुणी विचारत नाही.

या थकव्याला शास्त्रात जागा आहे. मधुमेहामुळे येणारा हा मानसिक त्रास नैराश्याहून वेगळा असतो. तो मोजण्यासाठी विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये वीस प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, आणि आज जगभर ती वापरात आहे. मुलांच्या मधुमेहावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत मानसिक आधार हा उपचाराचाच भाग मानला आहे आणि उपचार करणाऱ्या चमूत मानसतज्ज्ञ असावा असं म्हटलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनंही, जून २०२२ मध्ये टाइप वनसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. कागद आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र मुलीशी दहा मिनिटं बोलायला माणूस नाही.

आता शाळेकडे येते. शिक्षणमंत्री महोदय, हा भाग खास आपल्यासाठी. मुलाच्या जागेपणाचा मोठा हिस्सा शाळेत जातो. साखर सत्तरच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, मूल चिडतं किंवा नुसतं शून्यात बघत बसतं. अशा वेळी तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून दिली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तर बहुतेक वेळा सगळं ठीक होतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. एवढंच ज्ञान लागतं. पण ते नसतं, म्हणून आमच्या मुलीला गणिताच्या तासाला ‘उद्धटपणे बघतेस काय’ म्हणून उभं केलं गेलं. बिस्कीट काढलं तर ‘वर्गात खायचं नाही’. इन्सुलिन कुठे घ्यायचं विचारलं तर बाथरूममध्ये जा. मंत्री महोदय, मधल्या सुट्टीत मुलींच्या बाथरूममध्ये रांग असते, जमीन ओली असते, पेन ठेवायला कोरडी जागा नसते. एका हातात डबा, एका हातात पेन, दाराला कडी नाही म्हणून मैत्रीण बाहेर दार धरून उभी. जीव वाचवणारं औषध लपून घ्यावं लागतं तेव्हा मूल त्या औषधाची लाज बाळगायला शिकतं. ती लाज पुढे लग्नाच्या बोलण्यापर्यंत जाते.

सहलीचंही तेच. ‘जबाबदारी कोण घेणार’ म्हणून यादीतून नाव कमी होतं. स्नेहसंमेलनात नाचात घेत नाहीत, पळण्याच्या शर्यतीत घेत नाहीत. शाळेला वाटतं आपण काळजी घेतोय. पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज वसीम अक्रमला १९९७ मध्ये हाच मधुमेह असल्याचं निदान झालं, आणि १९९९ च्या विश्वचषकात तो आपल्या संघाचा कर्णधार म्हणून अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. इन्सुलिन घेऊन माणूस विश्वचषकात गोलंदाजी करू शकतो, तर आमची मुलगी प्रतापगड का चढू शकत नाही?

परीक्षेचं बघू. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं, म्हणजे सीबीएसईनं, २०१७ मध्येच मधुमेही विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेला साखरेच्या गोळ्या, चॉकलेट, फळ, सँडविच, पाणी असं जवळ ठेवायला परवानगी दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवून टाइप वनच्या मुलांना शाळेत आणि परीक्षेत साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची, खाण्याची मुभा द्या असं कळवलं. उत्तर प्रदेशच्या बेसिक शिक्षण विभागानं त्यावरून आपल्या शाळांना सूचनाही काढल्या. परवानगी देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ती केंद्रावरच्या पर्यवेक्षकापर्यंत पोहोचायला हवी ना! आमच्या ओळखीच्या एका मुलाला दहावीच्या पेपरला दाराशी अडवून ग्लुकोमीटर बाहेर ठेवायला लावलं. त्यानं अडीच तास साखरेच्या धास्तीत पेपर लिहिला. मूल आधीच वेगळं पडलेलं असतं. त्यात प्रत्येक दारावर नव्यानं आपला आजार समजावून सांगायचा आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचा संशय बघायचा, हे किती वेळा करायचं त्यानं?

घर आणि समाज हे आपल्या अखत्यारीत येत नाहीत, म्हणून त्याबद्दल थोडंच. हळदीकुंकवाला ‘एवढ्याशा पोरीला शुगर?’ अशी कुजबुज होते. कुणी कारल्याचा रस सांगतं, कुणी अमक्या गावच्या वैदूचं नाव देतं आणि ‘सुया बंद होतील’ असं सांगतं. या एका वाक्यानं मुलं मेली आहेत, कारण टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद केलं की काही दिवसांत जीव धोक्यात येतो. मूल मुलगी असेल तर आईला ‘कुणाला सांगू नका, स्थळं येणार नाहीत’ हा सल्ला निदानाच्या पहिल्या आठवड्यातच मिळतो. गणपतीत मुलीच्या पानात मोदक वाढायचा की नाही यावरून घरात दोन तट पडतात. खरं तर युनिटं मोजून घेतली की मोदक खाता येतो. आजी-आजोबांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं असतं, माझ्या तोंडून नव्हे. तेवढं एक वाक्य त्यांच्याशी बोलायला जर दवाखान्यात कुणी असतं, तर आमच्या घरातली निम्मी भांडणं झाली नसती.

पैशाचा विषय मनाशी जोडलेला आहे म्हणून तोही सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मूल दवाखान्यात दाखल झालं की मिळतो. पण साखर तपासायची पट्टी रोज लागते, आणि बाजारात एकेक पट्टी वीस रुपयांच्या आसपास पडते. दिवसाला चार-पाच धरा आणि शेतमजुराच्या घरचा हिशोब तुम्हीच करून बघा. अंगावर लावायच्या सेन्सरला तर दोन आठवड्यांचे काही हजार रुपये पडतात. मुलांना हे सगळं कळतं. ‘आई, आज नको तपासायला, बरं वाटतंय’ असं मूल म्हणतं तेव्हा ते बऱ्याचदा पट्टी वाचवत असतं. आपल्यामुळे घर खर्चात बुडालं, भावाला सायकल मिळाली नाही, हे ओझं त्याच्या डोक्यावर असतं. म्हणून पट्ट्या मोफत देणं हीसुद्धा मानसिक आरोग्याचीच योजना ठरेल. केरळमध्ये ‘मिट्टायी’ योजनेतून टाइप वनच्या मुलांना इन्सुलिन, साधनं आणि समुपदेशन एकाच ठिकाणी मिळतं. केरळला जमतं ते महाराष्ट्राला न जमायला कारण नाही.

आता मागण्या. यातल्या बहुतेकांना नवी इमारत लागत नाही आणि नवं खातंही लागत नाही.

पहिली मागणी, शाळांसाठी एक स्पष्ट परिपत्रक. टाइप वनच्या प्रत्येक मुलामागे शाळेत दोन प्रशिक्षित शिक्षक, ग्लुकोजचा डबा मुलाच्या वर्गात, इन्सुलिन घ्यायला स्वच्छ आणि कोरडी जागा. मुलाला वर्गात सर्वांसमोर घ्यायचं असेल तर तीही मुभा हवी, एकांत हवा असेल तर तोही मिळावा. निवड मुलाची. सहल, खेळ, संमेलन यांतून आजाराच्या कारणावरून नाव कमी करायचं नाही. पालकांचा संमतिपत्रावर सही करण्याचा हक्क राहील, पण ‘आम्ही जबाबदार नाही’ असं लिहून घेऊन शाळेला हात झटकता येऊ नयेत.

दुसरी, राज्य मंडळाच्या परीक्षेबद्दल. मधुमेही विद्यार्थ्याच्या हॉल तिकिटावरच परवानगी छापा : ग्लुकोमीटर, इन्सुलिन, खाऊ, पाणी आणि त्यासाठी गेलेला वेळ भरून देणं. मग मुलाला दारात कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

तिसरी आरोग्यमंत्र्यांकडे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालू आहे, किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिकं आहेत, तिथे समुपदेशक आहेत. त्यांना टाइप वनचं प्रशिक्षण द्या आणि महिन्यातला एक ठरलेला दिवस ते आणि बालरोगतज्ज्ञ एकत्र बसतील असं करा. निदानाच्या वेळी, त्यानंतर तीन महिन्यांनी, वर्षानं आणि वयात येताना मुलाशी आणि आईबापांशी वेगवेगळं बोलणं झालंच पाहिजे, आणि त्याची नोंद केसपेपरवर साखरेच्या आकड्याशेजारी झाली पाहिजे. त्रास मोजणारी प्रश्नावली आपल्या बोलीतल्या मराठीत छापून द्या. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन उचलणाऱ्यांनाही टाइप वन म्हणजे काय हे माहीत असू द्या. नाहीतर तिकडूनही ‘गोड कमी खा’ ऐकायला मिळेल.

चौथी, मुलांना मुलं भेटू द्या. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून दोनदा टाइप वनच्या मुलांचं शिबिर भरवा. पुण्या-मुंबईतली काही रुग्णालयं आणि छत्रपती संभाजीनगरच्या ‘उडान’सारख्या संस्था हे काम करत आल्या आहेत, त्यांना सोबत घ्या. माझी मुलगी पहिल्यांदा अशा मेळाव्याला गेली तेव्हा जेवणाआधी तीस-चाळीस मुलांनी एकदम बोटं टोचली. शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या दादानं ‘किती आला?’ विचारलं, हिनं २४० सांगितलं, तो म्हणाला, ‘माझा २६०, चल, आधी टोचू, मग जिलेबी.’ माझ्या कित्येक वर्षांच्या समजावण्यानं झालं नव्हतं ते त्या दादाच्या एका वाक्यानं झालं. त्या दिवसापासून तिनं वहीत खरे आकडे लिहायला सुरुवात केली.

पाचवी, अठरा पूर्ण झाल्यावर मुलांना एकदम मोठ्यांच्या ओपीडीत ढकलू नका. तिथे साठीच्या माणसांच्या रांगेत हे पोर एकटं उभं राहतं, त्याचे डॉक्टर बदलतात, आई आत येऊ शकत नाही, आणि कित्येक जण तिथूनच उपचार सोडतात. वर्ष-दोन वर्षं दोन्ही डॉक्टर मिळून बघतील अशी सोय करा.

महोदय, आमची मुलं दयेची भुकेली नाहीत. ‘बिच्चारी’ म्हटलेलं त्यांना आवडत नाही आणि ‘किती शूर गं तू’ म्हटलेलंही फारसं आवडत नाही, कारण शूर म्हटलं की रडायची सोय राहत नाही. त्यांना साध्या गोष्टी हव्यात. बाईंना माहीत असावं, दाराशी अडवू नये, डॉक्टरांनी आकड्याआधी ‘कशी आहेस’ विचारावं, आणि कंटाळा आला असं म्हणता येईल असा एक तरी माणूस जिल्ह्यात असावा. सुई टोचायचं काम आम्ही करतोच आहोत आणि जन्मभर करू. बाकीचं काम आपल्या सहीनं होण्यासारखं आहे. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी ती सही करा. दोन्ही खात्यांचं मिळून एकच परिपत्रक काढा, म्हणजे शाळेनं दवाखान्याकडे आणि दवाखान्यानं शाळेकडे बोट दाखवायला जागा उरणार नाही.

आपली,
टाइप वन मधुमेह असलेल्या एका मुलीची आई